मांसाचे वावडे आणि गोचिडीचा दंश : एका वैद्यकीय शोधाची हकीकत

'वावडे' हा आपल्या मराठीतील मोठा सोयीचा शब्द आहे. अमक्याला वांग्याचे वावडे, तमक्याला कोलंबीचे वावडे, असे आपण सहज बोलून जातो. डॉक्टर मंडळी त्यालाच ॲलर्जी म्हणतात आणि आता खेड्यापाड्यांतील माणसेही तसेच म्हणू लागली आहेत. परंतु शब्द जितका सहज तोंडी येतो, तितक्याच सहजपणे त्यामागील त्रासाकडे दुर्लक्ष होते. ज्याला वावडे आहे तो नखरे करतो असे घरच्यांना वाटते. आणि पुष्कळदा त्या बिचाऱ्यालाही आपल्याला नेमके कशाचे वावडे आहे याचा पत्ता नसतो. गोमांस, म्हशीचे मांस, बोकडाचे मांस यांच्या वावड्याची हकीकत हा याचा फार चांगला नमुना आहे. ती अलीकडची, म्हणजे गेल्या दोन-अडीच दशकांतली आहे. मी वैद्य नव्हे, शाळेत इतिहास शिकवणारा शिक्षक आहे. मला या हकीकतीत रस वाटला तो अशासाठी की, येथे ग्रंथातला नियम एका बाजूला व रोग्याची साक्ष दुसऱ्या बाजूला उभी होती, आणि अखेरीस साक्ष खरी ठरली.

वावड्याची जाण मानवाला फार प्राचीन काळापासून आहे. ग्रीक वैद्यकाच्या जुन्या ग्रंथात, चीज हा पदार्थ काहींना पोटभर खाऊनही बाधत नाही आणि काहींना मात्र त्रास देतो, याची नोंद आढळते. आपल्याकडील युनानी हकीम ज्यांचे नाव आदराने घेतात ते अबू बक्र अल-राझी (सुमारे ८६५ ते ९२५) यांनी तर याहून नेमके निरीक्षण केले. अबू झैद अल-बल्खी नावाच्या विद्वानाला वसंत ऋतूत गुलाब फुलले की सर्दी होई, नाक वाहू लागे. इतरांना जो सुगंध सुखावतो तो याला का छळतो, या प्रश्नावर अल-राझींनी एक स्वतंत्र टिपण लिहिले. गुलाब आणि सर्दी यांची सांगड घालून त्यावर कलम चालवणे हे दहाव्या शतकाच्या मानाने लहान काम नव्हते. कारण सापडण्यास मात्र आणखी हजार वर्षे जावी लागली.

ते कारण शोधण्याची सुरुवात समुद्रावर झाली. १९०१ साली मोनॅकोचा राजपुत्र आल्बेर पहिला याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ होते. दंश करणाऱ्या समुद्री जीवांच्या विषाचा ते अभ्यास करीत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रपुष्पाचे विष अगदी अल्प मात्रेत कुत्र्यांना टोचून पाहिले. लसीप्रमाणे त्यांना विषाची सवय होईल आणि दुसऱ्या खेपेस ते सहन करतील, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. नेपच्यून नावाच्या धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला काही आठवड्यांनी तीच अल्प मात्रा पुन्हा दिली, तेव्हा तो अर्ध्या तासाच्या आत मेला. पहिल्या मात्रेने संरक्षण दिले नव्हते. शरीराला चिथावून ठेवले होते. १९०२ साली या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' असे नाव देण्यात आले आणि १९१३ साली रिशे यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात, १९०६ साली, व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द घडवला.

पुढचा टप्पा १९२१ चा. जर्मनीतील हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरला मासळीचे वावडे होते. त्याच्या रक्तातील पातळ द्रव कार्ल प्राउसनित्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. मासळी खुशाल पचवणाऱ्या प्राउसनित्झ यांच्या अंगावर तेवढ्याच जागी गांधी उठली! म्हणजे वावड्याचे कारण रक्तात होते आणि ते एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात नेता येत होते. हे रक्तातील द्रव्य कोणते, हे कळण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे जपानी दांपत्य किमिशिगे व तेरुको इशिझाका आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिश यांनी ते स्वतंत्रपणे हुडकले. त्यालाच आज आयजीई म्हणतात.

ही यंत्रणा थोडक्यात समजून घेतली पाहिजे. आपले शरीर परक्या वस्तूविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. आयजीई हा त्यांचाच एक प्रकार. हे प्रतिपिंड कातडी, आतडी, श्वासनलिका येथील विशिष्ट पेशींवर चिकटून बसते. ती वस्तू पुन्हा शरीरात आली की या पेशी फुटतात आणि हिस्टामिन व तत्सम द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे कातडीवर पित्त उठते, ओठ व डोळे सुजतात, उलट्या-जुलाब होतात, दम लागतो. आणि प्रकरण हाताबाहेर गेले तर रक्तदाब कोसळून माणूस बेशुद्ध पडतो.

एवढे ज्ञान हाती आल्यावर पाठ्यपुस्तकांत दोन नियम पक्के झाले. पहिला असा की, अन्नाचे वावडे हे बहुधा त्यातील प्रथिनाचे असते. दुसरा असा की, ते खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत प्रकट होते. शेंगदाणा, अंडे, दूध, कोलंबी या सर्वांच्या बाबतीत हे नियम बरोबर लागू पडत. गोमांसाच्या बाबतीतही एका प्रकारात ते लागू पडतात. लहान मुलांत जे गोमांसाचे वावडे दिसते, ते बव्हंशी गाईच्या रक्तातील अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचे असते. हेच प्रथिन थोड्या प्रमाणात दुधातही असते, म्हणून अशा मुलांना बहुधा गाईच्या दुधाचेही वावडे असते. मांस पुरते शिजवले की हे प्रथिन बरेचसे निकामी होते. अर्धकच्च्या मांसाने त्रास होणाऱ्या मुलाला पूर्ण शिजलेले चालते, असा अनुभव येतो तो यामुळेच.

परंतु या नियमांत न बसणारे रोगी होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्याच्या आरंभी अमेरिकेच्या आग्नेय भागातील काही प्रौढ माणसे एक चमत्कारिक तक्रार घेऊन दवाखान्यात येत. रात्री झोपेतून दोन-तीन वाजता जाग येते, तळहात-तळपाय खाजतात, अंगभर पित्त उठते, पोटात मुरडा येतो, एखाद्या वेळी चक्कर येऊन माणूस न्हाणीघरातच कोसळतो. संध्याकाळी काय खाल्ले होते? तर गोमांस. पण ते तर लहानपणापासून खात आलो, कधी काही झाले नाही. आणि जेवण होऊन पाच-सहा तास उलटून गेलेले! डॉक्टर पुस्तकातील नियमाकडे पाहत आणि म्हणत, मांसाचा येथे संबंध नाही. कातडीवर मांसाचा अर्क टोचून परीक्षा केली तर फुगवटी जेमतेम दोन-चार मिलिमीटरची येई. तीही बाजूस सारली जाई. कित्येकांना 'कारण अज्ञात' असा शिक्का मिळाला. 'मनाचे खेळ आहेत' असेही काहींना ऐकावे लागले.

आपल्याकडे अशा वेळी काय होते हे सांगायला नकोच. 'पित्त खवळले आहे' असे म्हणून आमसुलाचे पाणी अंगाला चोळतात. सकाळपर्यंत गांधी बसतात आणि गोष्ट तेथेच संपते. पित्त हा शब्द इतका सर्वसमावेशक आहे की तो उच्चारल्यावर पुढे कोणी प्रश्नच विचारत नाही. त्यातून घरातील बाईमाणसाला हा त्रास असेल, तर तिच्या रात्रीच्या खाजेची दखल घेणार कोण?

या कोड्याचा उलगडा कर्करोगाच्या एका औषधाने केला, हा या हकीकतीतील सर्वांत विलक्षण भाग. सेटक्सिमॅब नावाचे औषध २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. ते शिरेतून देतात. देशभर ते बहुतेकांना सोसत होते. तीव्र विकार होण्याचे प्रमाण शेकडा तीनपेक्षाही कमी होते. मात्र टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांत शेकडा बावीस रोग्यांना पहिल्याच मात्रेच्या वेळी भयंकर विकार झाला. हा अहवाल २००७ साली प्रसिद्ध झाला. औषध तेच, मात्रा तीच, रोगही तोच. मग प्रांतागणिक फरक का पडावा? आणि पहिल्याच मात्रेला वावडे कसे? नेपच्यून कुत्राही दुसऱ्या खेपेला मेला होता. याचा अर्थ असा की, या लोकांच्या रक्तात औषध घेण्यापूर्वीच त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होती.

व्हर्जिनिया विद्यापीठातील प्रा. थॉमस प्लॅट्स-मिल्स हे मूळचे इंग्रज. घरातील धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या ॲलर्जीवर त्यांचे नाव झालेले होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी औषध मिळण्यापूर्वी रोग्यांचे जे रक्त साठवून ठेवले होते ते तपासले. विकार झालेल्या पंचवीस रोग्यांपैकी सतरा जणांच्या रक्तात औषधाविरुद्धचे आयजीई आधीपासून होते. मग त्यांनी निरोगी माणसांचे रक्त तपासले. टेनेसीत बहात्तरांपैकी पंधरा जणांत ते सापडले. बॉस्टनमध्ये तीनशे एक्केचाळीसांपैकी अवघ्या दोघांत. हे सर्व २००८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट बाहेर आली. हे आयजीई औषधातील कोणत्याही प्रथिनाविरुद्ध नव्हते. ते एका शर्करेविरुद्ध होते. औषध उंदराच्या पेशींमध्ये तयार केलेले असल्यामुळे त्या उंदरी पेशींची एक साखर त्याला चिकटून आली होती. तिचे लांबलचक नाव गॅलॅक्टोज-अल्फा-१,३-गॅलॅक्टोज. सुटसुटीत नाव अल्फा-गॅल.

ही साखर शास्त्राला नवीन नव्हती. १९८४ साली इस्रायली शास्त्रज्ञ उरी गॅलिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, प्रत्येक माणसाच्या रक्तात अल्फा-गॅलविरुद्धची साधी, निरुपद्रवी प्रतिपिंडे विपुल असतात. कारण असे की, गाय, म्हैस, बकरी, मेंढी, डुक्कर, घोडा, उंदीर या बहुतेक सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ही साखर असते. पण मानव, वानर आणि आफ्रिका-आशियातील माकडे यांच्या पूर्वजांनी लक्षावधी वर्षांपूर्वी ती बनवण्याची शक्तीच गमावली. म्हणून ती आपल्या शरीराला परकी वाटते. प्राण्यांचे अवयव माणसाला बसवण्यात हाच मोठा अडथळा होता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात डुकराचे हृदय एका रोग्याला बसवण्यात आले, तेव्हा त्या प्राण्यातून ही साखर जनुकांतच काढून टाकलेली होती. (त्या प्रयोगाचे शास्त्रीय नेतृत्व पाकिस्तानात जन्मलेल्या डॉ. मुहम्मद मोहिउद्दीन यांच्याकडे होते, हे जाता जाता नमूद करतो. रोगी सुमारे दोन महिने जगला.)

असो. साखर कळली, पण टेनेसीकरांच्याच रक्तात ते विशिष्ट आयजीई का यावे? नकाशा पुढे घेऊन बसल्यावर उत्तर दिसले. ज्या राज्यांत औषधाचा विकार होत होता, बरोबर तेथेच 'रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर' नावाचा ताप आढळत असे. हा ताप गोचिडीच्या दंशाने येतो. त्या मुलखात पाठीवर एक पांढरा ठिपका असलेली गोचीड विपुल आहे, आणि तिचे पिल्लूसुद्धा माणसाला चावते. रोग्यांना खोदून विचारल्यावर बहुतेकांनी आठवून सांगितले : होय, काही आठवड्यांपूर्वी गोचीड चावली होती आणि ती जागा कितीतरी दिवस खाजत होती.

योगायोग पाहा. ऑगस्ट २००७ मध्ये स्वतः प्लॅट्स-मिल्स व्हर्जिनियातील डोंगरात फिरायला गेले असता त्यांच्या पायांना असंख्य बारीक गोचिड्या चिकटल्या. पुढील आठवड्यांत ते आपलेच रक्त तपासत राहिले आणि अल्फा-गॅलविरुद्धचे आयजीई वाढताना त्यांनी पाहिले. नोव्हेंबरात लंडनला असताना त्यांनी रात्रीच्या जेवणात मेंढीच्या मांसाच्या चापा खाल्ल्या. सहा तासांनी, मध्यरात्र उलटल्यावर, ते अंगभर उठलेल्या पित्ताने जागे झाले. ज्या रोग्यांच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हते त्यांच्या पंक्तीस प्राध्यापक जाऊन बसले. २००९ साली त्यांनी व डॉ. स्कॉट कमिन्स यांनी अशा चोवीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली.

येथे न्यायाने सांगायला हवे की, गोचीड आणि मांस यांची सांगठ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एका बाईने आधीच घातली होती. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या उत्तर भागात काम करणाऱ्या डॉ. शेरिल व्हॅन न्यूनेन यांच्याकडे मांसाचे वावडे असलेले प्रौढ रोगी वारंवार येत. त्यांचे म्हणणे त्यांनी नीट ऐकून घेतले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात गोचिडीचा उल्लेख निघाला. २००७ साली त्यांनी हे तज्ज्ञांसमोर मांडले. २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पंचवीस रोग्यांपैकी चोवीस जणांना गोचीड चावल्यावर मोठी सूज आली होती. तेथील गोचीड अमेरिकेतल्या गोचिडीहून निराळ्या जातीची आहे. साखरेचे नाव तेव्हा त्यांच्या हाती नव्हते. पण रोग्याला 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारण्याची रीत त्यांच्याजवळ होती आणि तेवढ्यावर त्या योग्य जागी पोचल्या. शोधांच्या इतिहासात प्रयोगशाळेचे कौतुक जितके होते तितके या विचारपुशीचे होत नाही, ही मला उणीव वाटते.

मग जेवणानंतर इतका उशीर का लागतो? औषध शिरेतून गेले की मिनिटांत परिणाम, आणि तीच साखर मांसातून गेली की तीन ते सहा तास. यातच उत्तराचा धागा आहे. मांसातील अल्फा-गॅल बरेचसे चरबीला जोडलेले असते. चरबी सावकाश पचते, तिचे बारीक कण होऊन ते काही तासांनी रक्तात उतरतात, आणि तेव्हा कोठे त्या साखरेची आयजीईशी गाठ पडते, असे आज शास्त्रज्ञ मानतात. चरबीदार मांसाने अधिक त्रास होतो आणि सुक्या, निर्लेप तुकड्याने एखाद्या वेळी काहीच होत नाही, हा रोग्यांचा अनुभवही याला धरूनच आहे. गुर्दे आणि आतील इतर अवयव यांत ही साखर जास्त असल्याने तेथे विकार लवकर व जोराने उठतो. रक्तगटाचीही एक गंमत आहे. बी गटाची खूण अल्फा-गॅलसारखीच दिसते, म्हणून बी व एबी गटाच्या माणसांत हे वावडे कमी आढळते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली जाहीर केलेल्या आकड्यांनुसार २०१० ते २०२२ या काळात तेथे एक लाख दहा हजारांवर संशयित रोगी आढळले, आणि खरी संख्या साडेचार लाखांपर्यंत असावी असा अंदाज आहे. त्याच वेळी दीड हजार डॉक्टर व वैद्यकीय कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारण्यात आले, तर शेकडा बेचाळीस जणांनी या विकाराचे नावही ऐकले नव्हते. याची किंमत काय पडते? २०२४ साली न्यू जर्सी राज्यातील एका धडधाकट गृहस्थाला सहलीत गोमांस खाल्ल्यानंतर रात्री पोटाचा असह्य त्रास झाला. तो बरा झाला आणि ती गोष्ट विसरली गेली. दोन आठवड्यांनी त्याने पुन्हा गोमांस खाल्ले आणि त्याच रात्री तो मरण पावला. त्याच्या साठवलेल्या रक्ताची परीक्षा करून प्लॅट्स-मिल्स यांनीच पुढे कारण दाखवून दिले. पहिल्या रात्रीनंतर कोणी एकाने योग्य प्रश्न विचारला असता, तर कदाचित वेगळे घडले असते.

हा विकार अमेरिका-ऑस्ट्रेलियापुरता नाही. स्वीडन, जर्मनी, फ्रान्स आणि आशियात जपान येथे तो नोंदला गेला आहे. म्हणून आपल्या घरांच्या दृष्टीनेही चार गोष्टी पाहू.

आपल्या समाजात मांसाचे 'मोठ्याचे' आणि 'छोट्याचे' असे दोन भाग पडतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीस बंदी असल्याने मोठ्याचे म्हणजे आज म्हशीचे किंवा रेड्याचे. ते उष्ण पडते, छोट्याचे थंड, असा सर्वत्र समज आहे. मोठ्याचे खाल्ल्यावर कोणाच्या अंगावर पित्त उठले, की 'त्याला बोकडाचे द्या' असा सल्ला मिळतो. अल्फा-गॅलच्या वावड्यात हा सल्ला घातक आहे. म्हैस, गाय, बोकड, मेंढी, उंट हे सर्व एकाच माळेचे मणी आहेत; सर्वांच्या मांसात ती साखर आहे. प्लॅट्स-मिल्स यांना गोमांसाने नव्हे, मेंढीच्या मांसाने बाधले होते. याउलट कोंबडी, बदक, अंडी आणि सर्व प्रकारची मासळी यांत ती नाही. ती निर्धास्त खावी. दूध-तूप पुष्कळांना सोसते, काहींना नाही. ज्याला सोसते त्याने ते सोडण्याचे कारण नाही.

चोरवाटाही लक्षात ठेवाव्यात. कोंबडीची बिर्याणी ज्या देगीत चरबी घालून केली असेल, ती चालणार नाही. पायाचा रस्सा, निहारी, हलीम हे पदार्थ तर हाडे, चरबी आणि मगज यांनीच चविष्ट होतात. औषधांच्या मऊ वेष्टनातील जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले असते. जिलेटिनची चौकशी करण्याची सवय आपल्या पुष्कळ घरांना हलाल-हराम पाहण्याच्या निमित्ताने आहेच. पण येथे फरक ध्यानात घ्यावा : हलाल गाईचे जिलेटिनही या रोग्याला बाधू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनला आपले वावडे अवश्य सांगावे, कारण गाय व डुक्कर यांच्या ऊतींपासून केलेल्या हृदयाच्या झडपा आणि डुकराच्या आतड्यापासून काढलेले हेपॅरिन रुग्णालयात सर्रास वापरतात.

दावतीतील आग्रह हे आपल्याकडचे आणखी एक संकट. पाहुण्याने 'मला चालत नाही' म्हटले, की यजमान दुखावतो. 'एवढा एक कबाब तरी घ्या' म्हणून ताटात वाढतोच. पाहुणा भिडेखातर खातो, हसतमुखाने घरी जातो आणि त्रास होतो तो रात्री दोन वाजता, यजमान गाढ झोपेत असताना. कुर्बानीच्या दिवसांत सलग तीन दिवस मांसच शिजते. तेव्हा या माणसासाठी निराळ्या भांड्यात मासळी किंवा कोंबडी करणे घरातील स्त्रियांना अवघड नसते, फक्त कारण पटलेले असले पाहिजे.

निदानासाठी अल्फा-गॅलविरुद्धच्या आयजीईची रक्तपरीक्षा असते. तिचा निकाल एकटा पुरेसा नसतो, कारण पुष्कळांच्या रक्तात हे आयजीई असूनही त्यांना मांस बाधत नाही. म्हणून रोग्याने वही ठेवावी : काय खाल्ले, किती वाजता, त्रास केव्हा सुरू झाला, त्या दिवशी मद्दतीला धावपळ, व्यायाम, दुखण्याची गोळी असे काही होते काय. डॉक्टरांना ही वही दाखवावी आणि गोचिडीचा उल्लेख आवर्जून करावा. नुसते पित्त उठले तर ॲलर्जीची गोळी चालते. पण घसा आवळणे, दम लागणे, वारंवार उलट्या, चक्कर यांपैकी काही दिसले तर गोळीच्या भरवशावर राहू नये. त्यावर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या स्नायूत तातडीने मिळणे हाच इलाज आहे. रुग्णालयात नेईपर्यंत माणसाला आडवे ठेवावे आणि पाय उंच करावेत. दम लागत असेल तर बसू द्यावे. पण उभे करून चालवत नेऊ नये.

आणि गोचीड? गुरे-शेळ्या बाळगणाऱ्यांना ती परकी नाही. बकरी ईदपूर्वी आणलेला बोकड कित्येक घरांत पडवीत, अंगणात मुलांच्या अंगाखांद्याशी वावरतो. त्याचे कान आणि मांड्यांच्या खोबणी तपासाव्यात. कोकणात याला आणखीही एक कारण आहे. गोचिडीमुळे होणारा माकडताप सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माणसांचे बळी घेऊ लागला. रानात, काजूच्या बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर अंग न्याहाळावे. चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढून काढावी. रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे हे जुने उपाय करू नयेत. त्याने ती आपली लाळ अधिकच आत सोडण्याचा संभव असतो, आणि सारा उपद्रव त्या लाळेतच आहे.

हे वावडे जन्मभराचेच असते असे नाही. पुन्हा गोचीड चावली नाही, तर पुष्कळांच्या रक्तातील आयजीई काही वर्षांत हळूहळू उतरते. काहींना पुन्हा मांस खाता आल्याची उदाहरणे आहेत. मात्र तो प्रयोग घरी, ईदच्या ताटावर करावयाचा नसतो. रक्तपरीक्षा करून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, सकाळच्या वेळी अल्प प्रमाणात सुरुवात करून आणि पुढचे सहा-आठ तास दवाखान्यातच थांबून तो करावयाचा असतो.